दुसऱ्यांचे कार्यक्रम

लासलगावला कांदा काय भावानं गेला, हे मला आठव्या वर्षी ठाऊक असायचं. आमच्या घरी कांदा पिकत नव्हता की विकला जात नव्हता. आणला जायचा, तोही मोजून. पण 1978च्या सुमारास, शाळा सुरू होऊन आठवडा होतो न होतो तोच मला गालगुंड झालं आणि कानांवरून मफलर बांधून मी वाईच्या घरात माजघरात पडून राहिलो. उशाशी फळीवर मर्फीचा रेडिओ. वाचायला घेतलं तर डोकं दुखायचं, बोलायला गेलं तर जबडा. राहता राहिले कान.

एरवी आमच्याकडे रेडिओ म्हणजे बातम्या आणि ‘आपली आवड’. मधे काही लागलं की काका उठून खटका बंद करायचे, वीज फुकट येत नाही म्हणायचे. पोस्टात दरसाल लायसनचे पैसे भरणारा माणूस हा, पण ऐकण्यात काटकसर. आजारपणानं ती बंदी उठली आणि एका शनिवारी आकाशवाणी पहाटेपासून रात्रीपर्यंत काय काय बोलते, ते मी पहिल्यांदा सलग ऐकलं. त्यातलं माझ्यासाठी जवळजवळ काहीच नव्हतं.

बटण पिरगाळलं की आधी काचेमागचा दिवा लागायचा, मग व्हॉल्व्ह तापायचे आणि सावकाश आकाशवाणीची ती सुरुवातीची धून वर यायची. तंबोऱ्याच्या सुरावर व्हायोलिन. आजीच्या लेखी ती दूध तापवायला ठेवायची वेळ, आणि धून कुठल्यातरी देवळातली. पुढे कितीतरी वर्षांनी वाचलं, की ती वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराची. युरोपात हिटलरचं सावट पसरत होतं तेव्हा, 1934 मध्ये, तो मुंबईत आला आणि नंतर मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचं खातं सांभाळू लागला. सूर शिवरंजनीच्या वळणाचे, माणूस प्रागकडचा. हे कळलं तेव्हा आजी नव्हती. असती तर तिनं एवढंच विचारलं असतं, “मग तो परत घरी गेला का रे?” नाही गेला. आधी कॅनडा, मग अमेरिका.

सहा पंचावन्नला दिल्लीहून संस्कृत बातम्या. ‘इयम् आकाशवाणी’ एवढं कळायचं, नंतर मधूनच एखाद्या पुढाऱ्याचं नाव विभक्ती लावून यायचं आणि हसू यायचं. हसलं की गाल ठणकायचा. सात-पाचला पुणे केंद्रावरून सुधा नरवणे प्रादेशिक बातम्या द्यायच्या. त्या दिवशी हवामानात सांगितलं, अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा आहे, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. कृष्णेपलीकडे मोठं पाणी न पाहिलेली माझी आजी ताक घुसळायची थांबली. “नका रे बाबांनो जाऊ,” ती रेडिओकडे बघून म्हणाली. दुपारी भांडी घासताना तिनं मला पुन्हा विचारलं, “गेले नसतील ना?”

साडेआठच्या मराठी बातम्या झाल्या आणि काका कचेरीत गेले. मग मी मोकळा. दुपारी बायकांसाठीचा कार्यक्रम लागला. त्यात कुणी बाई अळूवड्या सांगत होत्या, बेसन दोन वाट्या, चिंचेचा कोळ दोन चमचे. आजीनं ते पूर्ण ऐकलं आणि मान हलवली. “वाटीनं मोजून कुणी स्वयंपाक करतं का?” रेडिओवर सांगितलेली एकही पाककृती आमच्या घरात झाली नाही, पण आजीनं चुकवलीही नाही एक. कामगारांच्या कार्यक्रमात पाळी, बोनस, हप्ता असे शब्द आले आणि मधून एक झकास लोकगीत. वाईत एक भोंगा वाजत नव्हता, तरी पाळी बदलणं म्हणजे काय ते मला समजलं.

आणि मग ‘ही सभा आता समाप्त होत आहे.’ आकाशवाणीच्या दिवसाच्या तीन सभा असतात हा त्या दिवशीचा मोठा शोध. पहिली, दुसरी, तिसरी, आणि मधे चक्क सामसूम. खरखर तेवढी उरायची. हल्ली चोवीस तास काहीतरी वाजत असतं, त्यामुळे हे खरं वाटणार नाही, पण रेडिओही तेव्हा दुपारचा आडवा व्हायचा. मीही झोपलो.

संध्याकाळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम. युरियाचा दुसरा हप्ता कधी द्यावा, भाताच्या रोपांवर काय फवारावं, आणि त्यानंतर बाजारभाव. हे मला फार आवडलं. सांगणाऱ्याच्या आवाजात चढउतार नाही, घाई नाही; कोल्हापूर गूळ, सांगली हळद, लासलगाव कांदा, आणि प्रत्येकापुढे ‘किमान’ आणि ‘कमाल’. मी अंथरुणात पडून ते पाठ केलं. पाढ्यांपेक्षा बरं होतं.

काका आले आणि नेहमीसारखी सुई फिरवत बसले. फिरवता फिरवता कुठलंतरी हिंदी केंद्र लागलं. एक माणूस वाक्याचा तुकडा म्हणायचा, थांबायचा, तोच तुकडा परत म्हणायचा. मला वाटलं, त्यालाही गालगुंड झालंय. काका म्हणाले, या धीम्या गतीच्या बातम्या, लहान वर्तमानपत्रवाले ऐकून उतरवून घेतात. म्हणजे कुठेतरी कुणीतरी या क्षणी दिवा लावून लिहितोय, या कल्पनेनं मी इतका भारावलो की पाटीवर दोन ओळी मीही उतरवल्या. मग खरखरत ‘जयमाला’ लागली. ती सैनिकांची. वाड्यातल्या एका काकूंचा मुलगा लष्करात होता, त्या दारात उभ्या राहून फर्माइशीतली नावं ऐकायच्या आणि गाणं सुरू झालं की निघून जायच्या.

शनिवार असल्यानं रात्री दिल्लीहून संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम. तो 1952 पासूनचा, बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले तेव्हाचा. हे मराठी गृहस्थ मोठे कडक. त्यांनी सिनेगीतं आकाशवाणीवरून हद्दपार केली, लोकांनी सुई सिनेगीतं वाजवणाऱ्या रेडिओ सिलोनकडे फिरवली, आणि शेवटी 3 ऑक्टोबर 1957ला आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली. त्या रात्रीची वीणा मला अजिबात कळली नाही. काकांना कळली नाही, आजीलाही नाही. पण खटका कुणी बंद केला नाही, का ते मला आजही सांगता येणार नाही. पाऊस होता, हेही असेल.

‘बहुजनहिताय बहुजनसुखाय’ हे आकाशवाणीचं ब्रीद. त्यातला सुखाचा वाटा जरा बेताचाच असे, हे मान्य. पण बहुजन म्हणजे आपण सोडून बाकीचे सगळे, हे गालगुंडाच्या त्या एका दिवसात जेवढं कानावरून गेलं तेवढं नंतर कुणी शिकवलं नाही. आता माझ्या फोनला मला काय आवडतं ते पक्कं ठाऊक आहे, आणि तो तेवढंच ऐकवतो. त्यात मच्छीमार येत नाहीत.

एक खोड मात्र राहिली. मंडईत गेलो की हात पिशवीत घालण्याआधी मी विचारतो, “लासलगावला काय निघाला?” भाजीवाला मला व्यापारी समजून तपशिलात सांगू लागतो, किमान, कमाल, आवक. मीही मान डोलावत ऐकतो. सगळं सांगून झाल्यावर तो तराजू पुढे ओढतो आणि अदबीनं विचारतो, “किती गोण्या, साहेब?”

“अर्धा किलो,” बायको म्हणते.