एकदा टाइप, दोन लिप्या

रविवार, बेळगाव

सकाळपासून झड लागली आहे. असा पाऊस लागला की मला जुन्या कॉम्प्युटरच्या फ्लॉप्या, म्हणजे माहिती साठवायच्या चकत्या, आठवतात. सव्वापाच इंची, काळ्या पाकिटातल्या, एकीत ३६० केबी मावायचे. इथल्या पावसाळ्यात हवा दमट राहिली की आतल्या तपकिरी चकतीवर पांढरी बुरशी धरायची आणि ड्राइव्ह करकरायला लागायचा. म्हणून दुकानातल्या फ्लॉप्यांच्या कपाटात एक बल्ब रात्रंदिवस जळत असे.

दुकान शहापुरातलं, जॉब टायपिंगचं. मशीन म्हणजे एक्सटी कॉम्प्युटर: ८०८८ प्रोसेसर, ६४० केबी मेमरी, हिरव्या अक्षरांचा पडदा. पण माझा जीव जडला तो त्यातल्या जिस्ट कार्डावर, भारतीय लिप्या दाखवणाऱ्या सर्किटच्या पट्टीवर. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेलं ते काम पुढे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत वाढलं. कार्ड बसवलं की वर्डस्टार (लिखाणाचा), डीबेस (याद्यांचा) अशा इंग्रजी प्रोग्रॅममध्येच मराठी उमटायचं. इस्की संकेतात, म्हणजे अक्षरांना क्रमांक देण्याच्या पद्धतीत, 'क'चा क्रमांक सगळ्या लिप्यांना एकच. तो देवनागरीत दाखवायचा की कानडीत, एवढंच मशीनला सांगायचं. इन्स्क्रिप्ट की-बोर्डही एकच, डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं.

खानापूरकडच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी सभासदांची यादी घेऊन आले होते. दोन्ही भाषांत हवी होती. टाइपरायटरवर म्हणजे दोन मशीन, दोन टायपिस्ट आणि दोन तऱ्हेची नावं. मराठी यादी संपल्यावर मी म्हटलं, "काका, आता हीच कानडीत बघा की," आणि लिपी बदलली. पाटील, गावडा, यल्लाप्पा, सगळे जागच्या जागी कानडीत. काका चष्मा पुसून, पडद्याला नाक लावून एकेक नाव वाचत गेले. पत्त्यातल्या बेळगावपाशी थांबले. "ह्यो बे लांबलाय बघ." खरंच होतं. कानडीत ए ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन, मराठीत एकच; त्यामुळे मशीन सरसकट दीर्घ दाखवायचं. असे शब्द आम्ही दोघांनी बसून हाताने सुधारले.

जाताना त्यांनी विचारलं, "हे उचलून खानापूरला नेता येईल काय रे?" उचलून नेण्यासारखी मशीन तेव्हा जगात होती. १९८१ चा ऑस्बोर्न १ हा कॉम्प्युटर साधारण ११ किलोचा, पडदा ५ इंची, आणि आत बॅटरी नसे. आमच्या यादीला त्याचा काय उपयोग?

पाटीवरच्या अक्षरांवरून जिथे डोकी फुटली, तिथे या कार्डाने दोन्ही लिप्यांना एका घरात ठेवलं. सीमाभागासाठी एवढं मोलाचं यंत्र तेव्हा दुसरं नव्हतं, असं मी आजही छातीठोक सांगेन. युनिकोड या आजच्या अक्षरसंकेतातही ती मांडणी टिकली आहे: देवनागरीच्या तक्त्यात 'क' ज्या घरात, कानडीच्या तक्त्यातही त्याच घरात.

पुढच्या आठवड्यात निपाणीला जायचंय. तिथल्या डीटीपीवाल्या दोस्ताकडे एखादं कार्ड उरलं असेल तर बघून येतो.