मानेवरचा रंग

धुळ्यात जानेवारीचा शेवटचा आठवडा लागला की आमच्या पार्लरमध्ये बारावीच्या मुलींची गर्दी सुरू होते. फेब्रुवारीत बोर्डाची लेखी परीक्षा असते, त्याआधी कॉलेजांमधले निरोप समारंभ आटोपून घेतले जातात, आणि अलीकडे त्यांतल्या काहींच्या पत्रिकेवर ‘प्रॉम नाइट’ असे छापलेले दिसते. अमेरिकेत शाळेचे शेवटचे वर्ष संपत आले की वसंत ऋतूत नाचाचा जो औपचारिक समारंभ होतो, त्याचे हे नाव आहे. आमच्याकडे ते नाव आले, साडीच्या जागी गाउन आला, बाकी शिक्षकांच्या पाया पडणे आणि निघताना मैत्रिणींच्या गळ्यात पडून रडणे पूर्वीसारखेच आहे. मुलींची मागणी मात्र बदलली आहे. अठरा वर्षांपूर्वी मी हा व्यवसाय सुरू केला तेव्हा ‘चेहरा उठून दिसला पाहिजे’ असे सांगत. आताच्या मुली मोबाइलवरचे फोटो दाखवून ‘मेकअप केला आहे हे कळता कामा नये’ असे सांगतात.

ही दुसरी मागणी पुरी करणे अधिक अवघड आहे, असे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगते. जाड थराखाली करणारीच्या चुका झाकल्या जातात. पातळ थरात त्वचा जशी असेल तशी दिसते, म्हणून आधी त्वचा नीट पाहावी लागते. दोन वर्षांपूर्वी एका मुलीच्या वेळी मला हे जितके पटले, तितके त्याआधी कधी पटले नव्हते.

ती साक्रीकडच्या एका गावातून आईबरोबर दुपारी एक वाजता आली. कार्यक्रम संध्याकाळी सात वाजता, देवपुरातल्या एका लॉनवर होता. सुरतेहून आणलेल्या फिकट गुलाबी कापडाचा गाउन तिने पिशवीतून जपून काढला आणि भिंतीवरच्या खुंटीला लावला. आईने खुर्चीवर टेकता टेकताच सांगितले, “ताई, मनी पोरले आज गोरी करी टाका.” मुलगी लगेच म्हणाली, “नाही मॅडम, मला एकदम साधा, नॅचरल हवा आहे.” त्याआधी तिला मैत्रिणीसारखे ओठांवरची लव काढून घ्यायची होती आणि आईच्या आग्रहाने ब्लीचही करायचे होते.

ती पावडर लावून आली होती. मी कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ रुमालाने चेहरा टिपायला घेतला, तर तिने डोळे घट्ट मिटले आणि खुर्चीचा हात पकडला. साधे पाणी तिला झोंबत होते. पावडर निघाल्यावर मी तिला खिडकीजवळ बसवले. दोन्ही गालांवर एकसारखी लाली होती. ती थंडीतल्या लालीसारखी नव्हती, तिच्यात बारीक केसासारख्या रक्तवाहिन्या स्पष्ट दिसत होत्या. हनुवटीवर एकाच आकाराच्या बारीक पुटकुळ्या होत्या, नाकाच्या बाजूला त्वचेचे पापुद्रे सुटले होते आणि कानशिलापासून गालापर्यंत मऊ, काळसर लव वाढली होती. चेहरा लालसर गोरा होता. मान मात्र सुंदर सावळी होती, आणि दोन्हींमधली रेषा जबड्याच्या कडेने आखल्यासारखी दिसत होती.

मी विचारले, “बेटा, चेहऱ्याला काय लावतेस?” तिने आईकडे पाहिले. आईने पिशवीच्या आतल्या कप्प्यातून एक अर्धी पिळलेली ट्यूब काढून माझ्या हातात दिली आणि आठ महिन्यांपासून रोज रात्री लावते, पहिल्या पंधरा दिवसांतच फरक पडला, असे कौतुकाने सांगितले. कुठल्याशा औषधाच्या दुकानातून ती चिठ्ठीशिवाय मिळाली होती. ट्यूबवर मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन ही तीन नावे होती आणि खाली डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असे इंग्रजीत बारीक अक्षरांत छापले होते.

यातले पहिले औषध स्टिरॉइड आहे. तिन्हींचे मिश्रण वांगासाठी, ठरावीक मुदतीपुरते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरायचे असते. ते महिनोन्महिने चोळले की त्वचा पातळ होत जाते, रक्तवाहिन्या वर दिसू लागतात, पुरळ येते, लव वाढते, ऊन सोसत नाही. आणि लावणे एकदम थांबवले तर चेहरा आणखी भडकतो, म्हणून माणूस घाबरून पुन्हा तेच लावतो. त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला स्वतंत्र नावच दिले आहे, इतकी ती आपल्या देशात पसरली आहे. 2018 मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या अनेक स्टिरॉइड मलमांवर चिठ्ठीचे बंधन घातले. तरीही ती ट्यूब एका शेतकरी कुटुंबातल्या आईला भाजीपाल्यासारखी विकली गेली होती, याचा राग मला आजही येतो. त्या आईवर मात्र माझा राग नाही. मुलीच्या लग्नात रंग आडवा येईल या भीतीने तिने स्वतःच्या खर्चाला कात्री लावून ती ट्यूब घेतली होती.

मलमाचे हे परिणाम मला ओळखता आले, कारण मी एकदा चुकले होते. सात-आठ वर्षांपूर्वी अशाच लाल गालांच्या एका नवरीला मी काहीही न विचारता ब्लीच केले होते आणि हळदीच्या दिवशी तिचा चेहरा सुजला होता. तिच्यावर उपचार केलेल्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी मला दवाखान्यात बोलावून तासभर सगळे समजावून सांगितले होते. ती नवरी मी विसरू शकलेले नाही, आणि त्या दिवसापासून पाणी लावण्याआधी प्रश्न विचारायचा हा माझ्या पार्लरचा नियम झाला. या मुलीच्या वेळी गर्दीच्या घाईत तोही पाळायचा राहिला होता.

मी लव काढायला आणि ब्लीचला सरळ नकार दिला. दोऱ्याच्या ओढीने तसली त्वचा सोलवटते. मेकअपही करू नये असेच मला पहिल्यांदा वाटले, पण मुलीच्या डोळ्यांत पाणी आलेले पाहून मी त्याच डॉक्टर बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “आधी माझ्याकडे पाठवा, मग ठरवू.” माझ्या मदतनीस मुलीबरोबर मी दोघींना रिक्षाने पाठवले. पावणेचारला त्या परतल्या. औषध कसे थांबवायचे ते डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले होते, वासविरहित मॉइश्चरायझर आणि झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन दिले होते, आणि फोनवर मला तीन अटी सांगितल्या होत्या: सुगंध असलेले काहीही लावायचे नाही, कुठेही घासायचे नाही, आणि रात्री झोपण्यापूर्वी सगळे हळुवार काढायचे.

मॉइश्चरायझर बोटांच्या टोकांनी दाबून लावला आणि दहा मिनिटे काहीच केले नाही. खानदेशची जानेवारीतली हवा इतकी कोरडी असते की इथे हा वेळ वाचवला, तर तासाभरात फाउंडेशन पापुद्र्यांवर अडकून चेहरा पिठूळ दिसू लागतो. तोवर मी वस्तू निवडल्या. माझ्या पेटीतले निम्म्याहून अधिक सामान सुगंधी निघाले, ते बाजूला गेले. प्रत्येक वस्तूचा एक ठिपका तिच्या कानामागे लावून ठेवला. खरे तर अशी चाचणी दोन दिवस आधी करायला हवी, पण निदान लगेच झोंबणारी वस्तू तरी त्यातून कळते. एक कन्सीलर असा झोंबलाच, आणि तोही वगळला.

मग फाउंडेशनच्या छटेचा प्रश्न आला, आणि त्या दिवसाचे सगळे मर्म त्यातच होते. छटा जबड्याच्या कडेवर, दिवसाच्या उजेडात जुळवायची, असे आम्ही शिकतो. पण तिच्या जबड्यावर दोन रंग होते. चेहऱ्याशी जुळवले असते, तर आईला हवा तसा गोरा चेहरा आणि खाली सावळी मान, असे मुखवट्यासारखे ध्यान झाले असते; मग मानेला, हातांना, गाउनमधून दिसणाऱ्या खांद्यांनाही थापावे लागले असते. हे काम मी एके काळी केलेले आहे. नवरीला दोन छटा उजळ करून देणे हे कौशल्य समजले जाई, आणि तसे करण्याचे पैसे मी घेतलेले आहेत. या वेळी मी मानेशी जुळवायचे ठरवले. ब्रशच्या दांड्याने दोन छटा धातूच्या पाटीवर मिसळल्या, पिवळसर झाक राहील इतपत तिसरीचा थेंब टाकला, आणि गळ्याच्या खाली लावून पाहिले. तिसऱ्या प्रयत्नात ठिपका त्वचेत दिसेनासा झाला.

लालीवर हिरवा करेक्टर लावतात, कारण हिरवा रंग तांबड्याला मारतो. पण सावळ्या त्वचेवर तो जरा जास्त झाला की वरच्या फाउंडेशनमधून राखट छटा वर येते. म्हणून मी तो गालभर पसरला नाही. डोळ्यांसाठीचा सर्वांत बारीक ब्रश घेऊन जिथे रक्तवाहिन्या दिसत होत्या तेवढ्याच जागी टेकवला आणि करंगळीने, घासल्याविना, दाबत गेले. डोळ्यांखालच्या काळसर भागाला तेवढ्याच मोजक्या प्रमाणात पीच रंग दिला. मग ओलसर, पूर्ण पिळलेल्या स्पंजने फाउंडेशनचा एकच पातळ थर गालांच्या मध्यापासून बाहेर नेला. कपाळावर जवळजवळ काहीच उरले नाही, आणि तिथे काही लागतही नव्हते. पुटकुळ्यांवर टोकदार ब्रशने ठिपके दिले. त्यांचा उंचवटा दिसत राहिला. उंचवटा मेकअपने जात नाही, फक्त रंग जातो, हे मी तिला आरशात दाखवून सांगितले, कारण खोटी आशा दाखवून खुर्चीवरून उठवणे मला पटत नाही.

पावडर फक्त नाकाच्या बाजूंना आणि हनुवटीला, तीही नावापुरती लावली. बारीक पांढरी पावडर जास्त झाली, तर फ्लॅशच्या फोटोत चेहऱ्यावर पांढरे डाग उमटतात. गालांची लाली झाकून पुन्हा गाल लाल करणे तिला विचित्र वाटले. पण झाकल्यावर चेहरा सपाट दिसतो, त्यात जीव आणायला क्रीमचा थोडा विटकरी ब्लश गालांच्या वरच्या बाजूला, लालीच्या जागेपासून दूर, लावावाच लागतो. भुवयांना हात लावला नाही, नुसत्या विंचरून बसवल्या. पापण्यांच्या मुळाशी काळ्याऐवजी तपकिरी पेन्सिल, मस्काराचा एक हात, आणि ओठांवर त्यांच्याच रंगाहून जरा गडद रंग बोटाने पसरवला. काजळ मात्र तिच्या आईने लावले. ते तिने स्वतः मागून घेतले आणि फार सुबक लावले.

ट्यूबलाइट बंद करून मी तिला पुन्हा खिडकीपाशी नेले. साडेपाचचा मऊ उजेड होता. जबड्यावरची रेषा गेली होती. चेहरा, मान, खांदे एकाच माणसाचे दिसत होते, आणि त्या सावळ्या रंगावर तो फिकट गुलाबी गाउन असा खुलला की माझी मदतनीस हातातले काम टाकून बघत उभी राहिली. मुलगी आरशात बराच वेळ पाहत होती. मला खरी काळजी आईची होती, कारण मी तिच्या मुलीला तिने आठ महिने खटपट करून मिळवलेल्या रंगाहून सावळे केले होते, आणि ते न विचारता केले होते. ती जवळ आली, तिने मुलीच्या हनुवटीला बोट लावून चेहरा उजेडाकडे वळवला आणि म्हणाली, “धाकली व्हती तवय अशीच दिखे.” पुढे ती काही बोलली नाही. पैसे देताना तिने ट्यूबचा विषय काढला. डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणेच करा, मनाने एकदम बंदही करू नका आणि पुन्हा सुरूही करू नका, एवढेच मी सांगितले.

रात्री साडेदहाला मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ती मुक्कामाला मावशीकडे होती. डॉक्टरांनी दिलेल्या क्लेन्झरने, कापसाचा बोळा गालावर नुसता ठेवून आणि उचलून, मी तिच्याकडून मेकअप उतरवून घेतला. तिने एकेक बोळा कॅमेऱ्यासमोर धरला. ते फारसे मळले नव्हते.

पुढचे तीन आठवडे तिला जड गेले. डॉक्टरांनी आधीच बजावल्याप्रमाणे लाली वाढली, आग होऊ लागली, आणि दोनदा तिने रडत फोन केला की सगळ्या मैत्रिणी चेहऱ्याला काय झाले म्हणून विचारतात. दोन्ही वेळा मी तिला दवाखान्याचा रस्ता दाखवला आणि माझ्याकडून काहीही लावू नकोस असे सांगितले. बोर्डाच्या परीक्षेसाठी ती मावशीकडेच राहिली होती. पहिल्या पेपरच्या सकाळी मी पार्लरचे शटर उघडत होते, तेव्हा ती सायकलवरून हात करत गेली. गालांवर झिंकच्या सनस्क्रीनचा पांढरट थर होता, नीट न पसरवलेला, आणि तो आरशात पाहून पुसून टाकण्याइतका वेळ तिने घालवलेला दिसत नव्हता.