पळून राह्यला का पडून?

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची पत्रिका आली आणि डोळ्यांपुढे उभी राहिली ती ड्रॉइंगची खोली, खिडकीतून पऱ्हाटीचं वावर दिसणारी. शाळेबद्दल लिहा म्हणालात, पण माझ्या हातून ड्रॉइंगच्या सरांबद्दलच लिहिलं जाणार. कोणते सर, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही.

मी नववीत होतो. गावच्या शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा, फलक सरांनी माझ्यावर सोपवला. सुतळीला गेरू लावून रेघा मारल्या आणि मथळा जाडजूड, तिरपा काढला. बैल पळतात तर अक्षरंही पळायला हवीत! सर हात मागे बांधून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "काहून बे, हा ट पळून राह्यला का पडून राह्यला?"

खरंच पडत होता. सरांनी ओल्या फडक्याने तो पुसला. शिरोरेषा आडवीच ठेवली, पट्टी सरकवत सगळ्या दांड्यांना एकच कल दिला. ट चं गोल पोट तीन सरळ फटकाऱ्यांत कोनदार केलं. मी दांड्यांची टोकं काटकोनात छाटली होती, त्यामुळे त्या कोपऱ्यावर तोलल्यासारख्या दिसत होत्या. सरांनी ती जमिनीशी सपाट कापली. "बैल केवढाही झुकला तरी खूर जमिनीतच रोवते."

आज मी पुण्यात देवनागरी फाँट बनवतो. नुकताच मथळ्यांसाठी एक पूर्ण केला: जाड, कोनदार, बारा अंश तिरपा. संगणकावर इटॅलिकचं बटण दाबलं की अक्षर नुसतं ढकललं जातं. ट, ठ, ढ यांचं पोट एकीकडे सुजतं, दुसरीकडे रोडावतं. म्हणून एकेक अक्षर नव्याने काढावं लागतं. जाडी वाढवली की क्ष आणि भ मधली पांढरी जागा बुजते, वेलांटी पुढच्या अक्षरावर चढते. आपल्या 'पोट्टे' मधल्या ट्ट ने तर आठवडा खाल्ला. दर वेळी सरांचाच प्रश्न स्वतःला विचारत होतो.

२०१४ साली न्यायालयाच्या निकालाने थांबलेले पट डिसेंबर २०२१ च्या परवानगीनंतर पुन्हा सुरू झाले. यंदा गावी गेलो तर पटाच्या फ्लेक्सवर माझाच फाँट, पण जागेत मावावा म्हणून दोन्ही बाजूंनी दाबलेला. फार लागलं मनाला. रंगवलेला फलक गावात एकही दिसला नाही.

सरांकडे गेलो, छापील कागद दाखवला. आता त्यांचा हात थरथरतो. ट च्या पायावरून बोट फिरवत म्हणाले, "हा पळून राह्यला." मग र वर थांबले. "हा अजून पडते."

र दुरुस्त केला आहे. महोत्सवाच्या कमानीवर फ्लेक्स लावू नका. ब्रश आणि रंग घेऊन मी दोन दिवस आधी येतो. सरांना फक्त खुर्ची टाकून समोर बसवा.