नंदवाळच्या वाटेवर चोखोबा

ज्याला आषाढीला पंढरपूर गाठणं जमत नाही, त्या कोल्हापूरकराला नंदवाळ आहे. करवीर तालुक्यातल्या या गावाला प्रतिपंढरपूर म्हणतात. मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरातनं दिंडी निघते आणि दहा-बारा किलोमीटर चालून नंदवाळला पोचते. आळंदीहून निघालेल्यांपुढं आमची वारी ती काय! पण आषाढातला पाऊस इकडं जरा जास्तच मनावर घेतो, त्यामुळं तेवढ्यातही पायांचा कस लागतोच.

माझ्या शेजारून गल्लीतल्या काकी चालल्या होत्या. डोईवर तुळस, कंबरेला खोचलेला पदर आणि पिशवीत राजगिऱ्याचे लाडू. मी टाळ घेतला होता. पावसानं त्याची दोरी फुगली आणि तर्जनीच्या पेरात रुतून लाल वळ उठला, पण ताल सोडवेना.

चालताना डोक्यात पुनर्जन्माचं घोळत होतं. घरात नुकतीच एक दशक्रिया झाली होती. तिथं गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला जीर्ण वस्त्रांचा श्लोक ऐकला होता. जुनं कापड टाकावं तसा देह टाकायचा आणि नवा घ्यायचा. ऐकून बरं वाटतं. पण नवं कापड कुणाच्या वाट्याला कोणतं, इथं माझं घोडं अडतं. आठवा अध्याय म्हणतो, अंतकाळी ज्याचं स्मरण, त्याच भावाला माणूस जातो. भागवतातला भरत राजा हरणाच्या पाडसात जीव गुंतवून मेला आणि हरिण होऊन जन्मला. आसक्ती वाईट, हे पटवायला कीर्तनकार ही गोष्ट सांगतात. पण बिनआईचं पोर सांभाळलं, हा काय गुन्हा झाला?

राधानगरी रोडला सानेगुरुजी वसाहतीपाशी दिंडी आली. रोजच्या जाण्यायेण्यात या नावाकडं लक्षही जात नाही. पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून गुरुजींनी मे 1947 मध्ये उपोषण केलं आणि त्यानंतर दार उघडलं. म्हणजे ज्या विठोबाचं नाव आम्ही पिढ्यान्‌पिढ्या घेत आलो, त्याच्या राउळात काही भक्तांना देश स्वतंत्र व्हायच्या वर्षापर्यंत पाऊल टाकायची मुभा नव्हती.

चोखोबा तर चौदाव्या शतकातले. त्यांचा एक अभंग मला फार जड जातो. आपण आधीच्या जन्मी निळा नावाचा कुणी होतो, कृष्णाची निंदा घडली म्हणून महाराच्या कुळात आलो, असं ते त्यात म्हणतात. आणि ‘चोखा म्हणे विटाळ, आम्हां पूर्वीचें हें फळ’ असा शेवट करतात. मारणारा मोकळा सुटला आणि मार खाणारा आपल्याच मागच्या जन्माची झडती घेत बसला! कर्मसिद्धांताचा असा वापर मला मान्य नाही. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला तो मान्य होऊही नये. राजर्षी शाहूंनी 26 जुलै 1902 ला मागासलेल्या जातींसाठी नोकऱ्यांत 50 टक्के जागा राखल्या, त्या कुणाचं पूर्वसंचित तपासून नव्हे.

गंमत म्हणजे हेच चोखोबा दुसऱ्या अभंगात देवालाच हाक घालतात, ‘धांव घाली विठू आतां, चालूं नको मंद’. बडवे मारताहेत, तू लवकर ये. तिथं मागचा जन्म नाही की निळा नाही. मला चोखोबा खरे भेटतात ते तिथं.

पुईखडीला रिंगण झालं. अश्व सुटला, चिखल उडाला, ‘माऊली, माऊली’चा गजर झाला. घोडा गेल्यावर टापेखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडाली. माती कसली, रबरबाटच होता. काकींनी तोच बोटानं उचलला, कपाळी लावला आणि माझ्याही लावला.

तिथंच मी त्यांना विचारलं, “काकी, पुढचा जन्म नको असं नाही वाटत? मोक्ष मिळावा?”

“मोक्ष घेऊन काय करू? तिथं टाळ हाय? दिंडी हाय?” काकी म्हणाल्या. “मी परत येतो बघ. फकस्त गुडघं चांगलं दे म्हणावं.”

तुकोबांनीही मुक्ती नाकारून हेच मागितलं होतं, ‘तुका म्हणे गर्भवासीं, सुखें घालावें आम्हांसी’. जन्ममरणाचा फेरा चुकावा म्हणून खटपट करणाऱ्या धर्मात हा माणूस खुशाल परत पाठव म्हणतो. त्याला जन्म म्हणजे मागची फेड वाटत नाही, नाम घ्यायला मिळालेली आणखी एक संधी वाटते. असा पुनर्जन्म मी आनंदानं मानीन. पण संतसंग मिळेल या अटीवर हं, तुकोबांनी तीही घातली होती.

नंदवाळात दर्शनाची बारी लांबच लांब होती. मी काकींना चोखोबांचा तो अभंग सांगितला आणि विचारलं, हे बरोबर आहे का?

“मला काय इचारतोस? बारीत उभा ऱ्हा आणि त्यालाच इचार,” त्या म्हणाल्या. “मी कळसाला हात जोडतो आणि लाडू खातो. लई भूक लागलीया.”