तुम्ही विचारलंत म्हणून: क्रिएटिनची पावडर घेऊ का?

जिममध्ये नवीन पोरगं आलं की थोड्याच दिवसांत हा प्रश्न येतो. कधीकधी मागोमाग आईचा फोन: "सर, ते स्टेरॉइड असतं ना? ह्याची किडनी जाईल ना?"

स्टेरॉइड नव्हे. क्रिएटिन आपलं शरीर रोज स्वतः बनवतं, शिवाय मटण-मासळीतूनही मिळतं. शेवरल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला १८३२ मध्ये ते मांसातच सापडलं. जड वजन उचलताना स्नायूंतलं एटीपी, म्हणजे पेशींचं इंधन, झरझर खर्च होतं. ते लगेच पुन्हा तयार करायला क्रिएटिनपासून बनणारं क्रिएटिन फॉस्फेट लागतं. त्याचा साठा भरलेला असेल तर आठव्या रेपला (रेप म्हणजे वजनाची एक उचल) थांबणारा नववी मारतो. बस्स, एवढंच. स्नायू वाढतो तो महिनोन्‌महिने मारलेल्या त्या जादा रेप्समुळे. नुसती पावडर खाऊन सोफ्यावर बसणाऱ्याचं पाण्याचं वजन तेवढं वाढतं. शाकाहारी पोरांचा साठा मुळात कमी असतो, म्हणून त्यांना फरक बऱ्याचदा जास्त जाणवतो.

आता किडनी. क्रिएटिनचं शरीरात क्रिएटिनिन होतं आणि ते लघवीवाटे जातं. किडनीचं काम कसं चाललंय याचा अंदाज रक्तातल्या ह्याच क्रिएटिनिनवरून घेतात. त्यामुळे क्रिएटिन घेणाऱ्याचा, किंवा अंगावर भरपूर स्नायू असणाऱ्याचा, आकडा किडनी ठणठणीत असूनही थोडा वर जाऊ शकतो. रिपोर्टमध्ये तो ठळक छापून येतो आणि घरी रडारड सुरू. म्हणून रक्त द्यायच्या आधीच डॉक्टरांना सांगायचं, की मी क्रिएटिन घेतो. शंका उरलीच तर सिस्टॅटिन सी नावाची तपासणी आहे, तिच्यावर क्रिएटिनचा असा परिणाम होत नाही. पण किडनीचा त्रास आधीपासून असेल, तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय डबा उघडायचासुद्धा नाही. इथे माझं मत चालत नाही.

बाकीच्यांनी साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट घ्यावं, रोज ३ ते ५ ग्रॅम, पाण्यातून, केव्हाही. सुरुवातीलाच रोज २० ग्रॅमचा मोठा डोस घेतला, म्हणजे लोडिंग केलं, तर साठा आठवड्याभरात भरतो, नाहीतर तीन-चार आठवड्यांत. पोट बिघडवून घेण्याइतकी घाई कुणाला आहे?

आणि बीसीएए, ती अमिनो आम्लांची पावडर? त्यात तीनच अमिनो आम्लं असतात, स्नायू बांधायला आवश्यक ती नऊच्या नऊ लागतात. ते पैसे अंड्यांवर घाला, नाहीतर पनीरवर.