तुम्ही विचारलंत म्हणून: आमची सुरंगी वाया का जाते

फेब्रुवारी उजाडला की विचारणं सुरू होतं. देवळात, बसमध्ये, फोंड्याच्या बाजारात भाजी घेताना. 'तुमच्या परसातली सुरंगी औंदाही कुणाला दिली नाही? खाली नुसता सडा पडतो म्हणे.' कुणी वळेसराचा, म्हणजे सुरंगीच्या गजऱ्याचा, भाव ऐकवतं. एकीनं तर तोंडावर सांगितलं, की आम्हाला पैशाचा माज आलाय. आजवर हसून वेळ मारून नेली. आता लिहूनच टाकते, म्हणजे पुढच्या वर्षी एवढंच दाखवून मोकळी होईन.

फुलांच्या बाबतीत मी कंजूष नाही, हे आधी सांगते. अबोली हवी त्यानं यावं आणि काढून न्यावी. तिच्या वाळक्या बोंडांवर पाणी पडलं की ती तटतट फुटून बी उडवतात, त्यामुळे वाफा काही संपत नाही. शेवंतीही देते, फुलली तर. दोन वर्षं ती पडवीतल्या दिव्याखाली होती आणि कळीच धरेना. तिला लांब, काळोखी रात्र लागते आणि आम्ही रात्रभर बल्ब जळत ठेवायचो. कुंड्या मागल्या दारी नेल्या तेव्हा कुठे फुलली. चाफ्याला पान नाही आणि टोकांना फुलं आलीत, ती तर येणारा-जाणारा वेचतो. मी कुणाला हटकलंय का?

सुरंगीची गोष्ट वेगळी. ती खुडायला वर चढावं लागतं आणि तेही उन्हं यायच्या आत, कळी मिटलेली असताना. उमलली की भाव पडला. आमच्याकडे चौदा वर्षं एकच बाई यायची. पाव विकणाऱ्या पोदेराचा हॉर्न वाजायच्या खूप आधी फाटकाची कडी वाजायची. तिची बांबूची शिडी आमच्या गोठ्यातच असायची. गुरं केव्हाच विकली होती, तेव्हा गोठ्यात होती ती शिडीच. बॅटरी तोंडात धरून ती वर जायची आणि उजाडेपर्यंत पिशवी भरून खाली. मोसमाचे दोन हजार रुपये द्यायची आणि रोज संध्याकाळी एक वळेसर फाटकाला अडकवून जायची. तो सुकला तरी मी टाकत नसे. साड्यांच्या कपाटात ठेवला की पुढच्या पावसापर्यंत वास राहायचा.

मग एका वर्षी एक व्यापारी आला. सात हजार, तेही आगाऊ, नव्या कोऱ्या नोटांत. तेव्हा मी मनाशी मांडलेला हिशेब अजून पाठ आहे. झाड आमचं. कागद कसला केलाय तिच्याशी? बाजारात ती एकेक वळेसर कितीला विकते, ते काय आम्हाला माहीत नाही? आणि खोटं कशाला बोलू, त्यातलं एकही वाक्य मला आजही साफ चूक वाटत नाही.

तिला आधी कळवायला हवं होतं. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत राहिले. पहिल्या दिवशी अंधारातच टेम्पो आला. तीन पोरं, हातात कोयते. मला वाटलं शिड्या लावतील. ती थेट वर गेली आणि फांद्याच तोडून खाली टाकायला लागली. खाली बसून कळ्या ओरबाडायच्या, म्हणजे काम लवकर. दोन-दोन हात लांब फांद्या, कळ्यांनी गच्च भरलेल्या. मी पडवीत उभी होते. 'अरे, हे काय?' म्हणायला तोंड उघडलं, पण सात हजार कपाटात होते. तोंड मिटलं.

तेवढ्यात कडी वाजली. ती फाटकात थांबली, आत आली नाही. टेम्पोकडे बघितलं, झाडाकडे बघितलं. म्हणाली, "वयनी, झाड दिलें?"

मी म्हटलं, "ह्यांनी दिलं. मला न विचारता."

हे त्या रात्री वास्कोला ड्युटीवर होते. त्यांना तर व्यवहाराचा पत्ताही नव्हता. दुसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा एवढंच म्हणाले, की माझं नाव तरी घ्यायला नको होतंस.

तिनं मान हलवली. रागावली नाही, निदान मला दिसलं नाही. फक्त एवढं म्हणाली, की पोरांना सांग, जून फांद्यांना कोयता लावू नका, कळी तिथंच धरते. आणि गेली. मी पोरांना सांगितलं नाही.

पुढच्या फेब्रुवारीत झाडाची पूर्वेकडची बाजू मुकी राहिली. त्याच्या पुढच्या वर्षीही. व्यापारी येऊन वर बघून परत गेला. सात हजारांचं काय केलं, तेही सांगते, कारण ते कुणी विचारत नाही. पडवीसमोर पिटुनियाच्या तीस कुंड्या मांडल्या. नर्सरीतून आणल्या तेव्हा जांभळ्या-गुलाबी फुलांनी ओसंडत होत्या. मार्चचं ऊन लागल्यावर काड्या उरल्या.

आता झाड सावरलंय. तिसऱ्या वर्षापासून जुन्या खुंटांवर पुन्हा मोत्यासारख्या कळ्या दाटतात, मधमाश्यांचा गुंजारव स्वयंपाकघरात ऐकू येतो आणि दुपारी खाली पिवळा सडा पडतो. कुणालाच देत नाही. तत्त्व म्हणाल तर तत्त्व, भित्रेपणा म्हणाल तर तोही. ह्यांचं म्हणणं, ही शिक्षा तू झाडाला देतेस आणि स्वतःला दिली म्हणतेस. असेल. पण दुसरी कुणी त्या फांद्यांवर चढली तर मला बघवेल का, ते त्यांनी सांगावं.

मग तिलाच का बोलावत नाही, हा तुमचा पुढचा प्रश्न. ती अजून बाजारात बसते, पुढ्यात अबोलीच्या फाती, म्हणजे गुंफलेल्या माळा, मांडून. मी बरेच दिवस दुसऱ्या दारानं आत जात होते. गेल्या महिन्यात समोर गेले. तिनं ओळखलं, घर कसं आहे विचारलं, एक फाती पानात बांधून दिली. मी वीसची नोट पुढे केली. चौदा वर्षांत तिनं फुलाचा पैसा माझ्याकडून कधी घेतला नव्हता. त्या दिवशी घेतला.

गोठ्यातली शिडी घेऊन जा, एवढंच सांगायला गेले होते. फाती घेऊन परत आले.