तारखेनंतरची वाट

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणी साक्ष द्यायला, म्हणजे आपण येशूवर विश्वास कसा ठेवला ते सांगायला, उभं राहिलं की लोक तारखेची वाट बघतात. तारण कधी झालं? माझ्याकडे तारीख आहे. सोळा वर्षांची होते, युवक शिबिराची शेवटची रात्र होती, मी हात वर केला आणि ढसाढसा रडले. ती साक्ष मी इतक्यांदा दिली आहे की आवाज कुठे कापरा होतो तेही आता पाठ झालंय. त्यानंतरच्या अठ्ठावीस वर्षांबद्दल कुणी कधी विचारलं नाही. बरंच झालं म्हणा. बायबल डोळ्यांखालून जायचं, प्रार्थना हजेरीपटावर सही केल्यासारखी व्हायची. सोडलं कधीच नाही, पण धरलं होतं असंही छातीठोकपणे म्हणता येत नव्हतं.

हे कोरडेपण जावं या ओढीने मी कामिनो या ख्रिस्ती पायी यात्रेला गेले असं लिहिलं तर छान वाटेल, पण ते खरं नाही. नोकरी सुटली होती आणि सहा आठवडे मोकळे होते. फ्रान्समधल्या सां-ज्याँ-पिए-द-पोरपासून स्पेनच्या पश्चिम टोकाकडच्या सान्तियागो दे कोम्पोस्तेलापर्यंत, जवळजवळ ८०० किलोमीटर. तिथल्या कॅथेड्रलमध्ये येशूचा शिष्य, प्रेषित याकोबाची हाडं आहेत अशी परंपरा. मी प्रोटेस्टंट, अवशेषांच्या बाबतीत माझं मन आधीपासूनच हात आखडतं. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायात हेरोद राजा याकोबाला तलवारीने मारतो, तेही एका वचनात. तिथून देह स्पेनला कसा आला, हे मला पटलेलं नाही, आजही नाही. चालायला त्याची अडचण आली नाही.

पहिल्याच दिवशी पिरेनीज चढायचा असतो. बाराशे मीटरहून जास्त चढ, मग रोन्सेस्व्हायेसच्या मठापर्यंत गुडघे मोडणारा उतार. संध्याकाळी तिथे मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, झाली आणि फादरांनी यात्रेकरूंना पुढे बोलावून आशीर्वाद दिला. आमच्याकडे हे काहीच नसतं, तरी मी गेले. डोळे भरून आले. म्हटलं, शिबिर परत आलं! पुढचे आठ-दहा दिवस तसेच गेले. धुकं दिसलं की स्तोत्र आठवायचं, डोंगर दिसला की स्तोत्र. वहीत पानंच्या पानं लिहिली. ती वही आता वाचवत नाही, इतकी गोड आहे.

मग बुर्गोस मागे पडलं आणि मेसेता सुरू झाली.

मेसेता म्हणजे बुर्गोस ते लेओन, साधारण २०० किलोमीटरचं पठार. सपाट. कापलेल्या गव्हाची शेतं, पांढरट वाट, वर आभाळ. बरेच जण हा टप्पा बसने उरकतात आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या उजव्या नडगीत कळ निघायला लागली. टाचेवरच्या फोडातून सुईने दोरा ओवून ठेवला होता, तो मोज्याला अडकून दर पावलाला आपण आहोत असं सांगायचा. आणि प्रार्थना आटली. मन लावून करायला जावं तर डोक्यात फक्त दोरा.

कारिओन दे लोस कोन्देसला मुक्काम होता. तिथे सिस्टर्सनी संध्याकाळी गिटारवर गाणी म्हटली आणि आशीर्वादानंतर प्रत्येकाच्या हातात कागदाची एक छोटी रंगवलेली चांदणी ठेवली. माझी निळी. बाकीचे हळवे झाले होते. मी चांदणी क्रेदेन्सियालमध्ये, म्हणजे मुक्कामांचे शिक्के घेतात त्या यात्रेकरूच्या पासात घातली आणि झोपले. काहीही वाटलं नाही. घाबरले ती तेव्हा, वेदनेने नाही.

कारिओननंतर १७ किलोमीटर एकही गाव नाही. वाट जुन्या रोमन रस्त्यावरून सरळ जाते, आणि सरळ म्हणजे अगदी शिवण मारल्यासारखी. एक डच गृहस्थ बरोबर होते, सत्तरीचे, पत्नी गेल्यापासून दरवर्षी थोडं थोडं चालणारे. कॅथलिक. पुटपुटत रोझरी म्हणायचे, मध्येच माझ्याशी बोलायचे, पुन्हा सोडला होता त्याच मण्यावर जायचे. मी माझ्या सवयीने विचारलं, "तुम्ही विश्वासात कधी आलात?"

त्यांना प्रश्नच कळेना. मी फोड करून सांगितल्यावर म्हणाले, "बाप्तिस्मा लहानपणी झाला. मग सोडलं. लग्नानंतर परत धरलं. मुलगा आजारी पडला तेव्हा सोडलं. आता चालतोय." आणि पुढच्या मण्यावर गेले.

मला ते उत्तर अपुरं वाटलं. मनातल्या मनात मी त्यांना नापासही केलं असावं. पण त्यांचं बघून, काही सुचत नव्हतं म्हणून, मी येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणायला लागले. अर्थाकडे लक्ष न देता, पावलांच्या ठेक्यावर. किती वेळा म्हटली कोण जाणे. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" इथे येऊन जीभ अडखळायची, कारण 'रोजची' आणि 'आज' हे दोन शब्द चालताना एकमेकांवर आपटतात. रोजची, पण आजच. उद्याची आज मागायची सोय नाही. अठ्ठावीस वर्षं मी शिबिरातल्या त्या रात्रीच्या भाकरीवर दिवस काढत होते, आणि शिळी का लागते म्हणून कुरकुरत होते. वाळवंटात देवाने इस्राएल लोकांना रोज दिलेलं अन्न, मान्ना, दुसऱ्या दिवसासाठी ठेवला की त्यात किडे पडायचे, हे मी रविवार शाळेत मुलांना शिकवलेलं आहे.

काल्सादिया दे ला क्वेसा हे पुढचं गाव खोलगट जागेत आहे. त्यामुळे ते शेवटपर्यंत दिसतच नाही. तीन-साडेतीन तास नुसती वाट, नकाशा चुकला असं वाटायला लागतं आणि एकदम पायाखाली छपरं. मला आनंद झाला नाही, राग आला. एवढ्या जवळ होतं तर दिसायला काय झालं होतं?

लेओनच्या पुढे चढ लागतो आणि साधारण पंधराशे मीटरवर क्रूस दे फेरो येतो. उंच लाकडी खांब, टोकाला छोटासा लोखंडी क्रूस, पायथ्याशी दगडांचा ढीग. लोक घरून आणलेला दगड तिथे ठेवतात आणि मनावरचं ओझं उतरवतात. मीही आणला होता. मंडळीतल्या एका माणसाने सहा वर्षांपूर्वी माझ्याबद्दल बैठकीत खोटं सांगितलं होतं, आणि मी त्याला क्षमा केली आहे असं गेली पाच वर्षं सांगत होते. दगड ठेवला, प्रार्थना केली, फोटो काढला. पुढे एल आसेबोपर्यंतचा उतार भयंकर आहे, सुटे दगड आणि खडी वाट. अर्ध्या वाटेत गुडघा लचकला आणि तोंडातून पहिलं नाव निघालं ते त्याच माणसाचं. दगड वर राहिला, राग माझ्यासोबत उतरला होता.

पेत्राने किती वेळा क्षमा करू असं विचारलं, तेव्हा प्रभूने साताच्या सत्तर वेळा सांगितलं. मी ते नेहमी सत्तर निरनिराळ्या अपराधांबद्दल वाचत आले होते. एकाच अपराधाची सत्तर वेळा करावी लागते हे त्या उतारावर कळलं. प्रभूच्या प्रार्थनेतही भाकरीच्या लगेच पाठोपाठ ऋण सोडण्याची, म्हणजे क्षमेची, ओळ आहे. तीही 'आज'च्या हद्दीतच येत असणार.

ओ सेब्रेइरोला मी मुद्दाम थांबले, ते पिवळ्या बाणांसाठी. सबंध वाटेवर झाडांवर, भिंतींवर, दगडांवर जे पिवळे बाण दिसतात, ते रंगवायला सुरुवात केली या गावच्या धर्मगुरूंनी, एलियास वालिन्या यांनी, १९८० च्या दशकात. गाडीत रंगाचा डबा घालून निघायचे. १९८५ मध्ये सान्तियागोला पोचलेल्या नोंदणीकृत यात्रेकरूंचा आकडा हजारावरही गेला नव्हता, आणि हे गृहस्थ कुणासाठी म्हणून बाण काढत होते? १९८९ मध्ये ते वारले. २०२४ मध्ये जवळजवळ पाच लाख लोक पोचले. चर्चजवळ त्यांचा अर्धपुतळा आहे. त्याच्यापुढे मी क्रूस दे फेरोपेक्षा जास्त वेळ उभी राहिले.

सार्रियापासून गर्दी वाढते. पायी यात्रेचं प्रमाणपत्र मिळायला शेवटचे १०० किलोमीटर चालले तरी पुरतात, आणि सार्रिया त्याच्या जरा अलीकडे आहे. स्वच्छ बूट, छोट्या पाठपिशव्या, स्पीकरवर गाणी. मी त्यांच्याकडे कशा नजरेने बघत होते ते सांगायची लाज वाटते. रात्री मत्तयाचा विसावा अध्याय उघडला, द्राक्षमळ्यातल्या मजुरांसाठी. दिवसभर उन्हात राबलेल्याला आणि शेवटचा तासभर आलेल्याला सारखीच मजुरी. पुढे वाचत गेले तर त्याच अध्यायात याकोबाची आई येते आणि आपल्या मुलांसाठी राज्यात उजवी-डावी जागा मागते. माझा प्याला प्याल का, असं प्रभू विचारतो, आणि दोघं भाऊ पटकन म्हणतात, पिऊ. काय आहे त्यात ते माहीत नसताना. सोळाव्या वर्षी मीही असंच म्हटलं होतं. ज्याच्या कबरीकडे मी चालले होते तो आधी एक उतावळा, मानाच्या जागेवर डोळा असलेला मुलगा होता. हाडांचं काय ते असो, त्या माणसाशी माझी तिथे ओळख झाली.

चौतिसाव्या दिवशी पोचले. पाऊस होता. सगळे विचारतात म्हणून सांगते, कॅथेड्रलमधलं दोरावर झुलवतात ते मोठं धूपपात्र त्या दिवशी झुललं नाही. मास्टर मातेओने घडवलेला, ११८८ सालची तारीख कोरलेला कमानदरवाजा बघितला. मिस्सेला मागच्या बाकावर बसले, ख्रिस्तप्रसाद घेतला नाही, तरी उठावंसं वाटलं नाही. यात्रेकरूंच्या कार्यालयात यात्रेचं कारण विचारतात. मी 'धार्मिक' निवडलं, निघताना ते खरं नव्हतं तरी.

दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच जाग आली. कुठे जायचं नव्हतं. अंधारात पलंगावर बसून मी सवयीने आधी उजव्या पायात मोजा घातला, फोड चाचपला, मग डाव्या. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" सुरू केलं. ऋणांच्या ओळीपर्यंत आले आणि तो माणूस आठवला. मी त्याचं नाव घेतलं आणि मग पुढची ओळ म्हटली.